टँकरवाल्या मामांस

मामा, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. 2016 चा उन्हाळा, आपलं लातूर. मांजरा धरण कोरडंठाक, मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं आणि आठ-दहा दिवसांनी आमच्या गल्लीत तुमचा टँकर. घागरींच्या रांगेत मीही असायचो, पण डोळा कोपऱ्यावरच्या हातभर अर्जुनाच्या रोपावर.

ते रोप आदल्या पावसाळ्यात वाजतगाजत लागलेलं. लावणारे पाच, फोटोत वीस. नंतर एकही फिरकला नाही. फोन केला तर म्हणाले, "ते नदीकाठचं झाड, इथं कशाला जगतंय? पुढच्या वर्षी लिंब देऊ." अहो, मग लावलंत कशाला? ओलीवर वाढणारं झाड आहे हे लावताना ठाऊक नव्हतं? मी आपला भांडी विसळल्याचं पाणी बुंध्याशी ओतत होतो, तरी पानं करपत चाललेली.

टँकर रिकामा झाल्यावर पाइपात राहिलेलं पाणी कुणी मोजत नाही. तुम्ही तो पाइप खांद्यावर घेऊन रोपापर्यंत आलात आणि उरलंसुरलं ओतलंत. बुडात नाही, वीतभर लांब, गोल फिरून. "आमच्या मांजरेकाठाला हे सादडे लई होते. मुळ्या पाण्यामागं पळत्यात. बुडात घातलं की तिथंच बसत्यात आळशावानी." मग केबिनमधलं तुमच्या बसायचं बारदान आणून आळ्यावर अंथरलंत, वर दोन दगड ठेवलेत.

त्या उन्हात तुमच्या सीटचा पत्रा किती तापला असेल, हे माझ्या ध्यानात आलं ते टँकर वळून गेल्यावर. अजून आठवलं की कसंतरी होतं. घागरीवरून डोकी फुटायची वेळ आलेली, तेव्हा कुणी आपलं आसन झाडाखाली घालतो! अशी माणसं असतात, फक्त ती फोटोत नसतात.

आता अर्जुन दुमजली घराला भिडलाय. खोड पांढुरकं, गुळगुळीत. साल पापुद्र्यानं सुटते. काढ्यासाठी ती ओरबाडायला येणाऱ्यांना मी हाकलतो. पाच पंखांची फळं पोरं गोळा करतात.

बारदान परत करायचं होतं. दोन पावसाळ्यांत ते कुजून मातीत गेलं. नवं एक आणून ठेवलंय, घडी घालून.