गेटनंतरचे एम.टेक. आणि अडकलेले १२,४०० रुपये

महोदय,

परदेशात एम.एस. करण्यासाठी घर गहाण ठेवून कर्ज काढणाऱ्या कुटुंबांविषयी हल्ली बरेच लिहिले जाते. संगणकशास्त्रातले पदव्युत्तर शिक्षण देशातल्या उत्तम संस्थांत दरमहा विद्यावेतन घेऊन करता येते, हे मात्र आपल्याकडच्या अनेक हुशार मुलांना अंतिम वर्षाच्या जानेवारीत कळते. त्यासाठीच्या ‘गेट’ या देशपातळीवरील प्रवेशपरीक्षेचे अर्ज भरायचे असतात त्याआधीच्या ऑगस्ट-सप्टेंबरात आणि परीक्षा असते फेब्रुवारीत. म्हणजे वर्ष गेलेच. म्हणून हे सविस्तर पत्र.

‘सीजीपीए साडेनऊ आहे, मग परीक्षा कशाला?’ हा प्रश्न नेहमी येतो. आयआयटीच्या पदवीधराचा सीपीआय (तिथला सीजीपीए) ८ किंवा अधिक असेल तर अनेक आयआयटी त्याला गेटशिवाय एम.टेक.साठी घेतात. पुणे वा मुंबई विद्यापीठाच्या साडेनऊवाल्याला आयआयटीच्या एम.टेक.साठी ही सवलत नाही. अन्याय वाटेल, पण नियम असा आहे. सुदैवाने गेट तिसऱ्या वर्षापासून देता येते आणि गुणांकन निकालापासून तीन वर्षे वैध राहते. तेव्हा तिसऱ्या वर्षी एकदा बसून पाहण्यात तोटा काहीच नाही.

संगणकशास्त्राच्या पेपरला लाखाहून अधिक नोंदणी होते. तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण. त्यांत १५ गुण सामान्य क्षमतेचे, १३ गणिताचे, उरलेले ७२ विषयाचे. आमची मुले अल्गोरिदम आणि ऑपरेटिंग सिस्टीम घोटून जातात आणि पहिल्या दोन भागांतले २८ गुण ‘होईल तेव्हा’वर सोडतात. वरच्या क्रमांकांत एकेका गुणाला अनेक जागा खाली जावे लागते, तिथे हे परवडत नाही. शिवाय ऋण गुण फक्त एकच पर्याय निवडायच्या प्रश्नांना आहेत: एका गुणाच्या प्रश्नाला एकतृतीयांश, दोन गुणांच्या प्रश्नाला दोनतृतीयांश. संख्या टंकून उत्तर द्यायच्या आणि एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकणाऱ्या प्रश्नांना ऋण गुण नाहीत. तरीही दरवर्षी मुले असे प्रश्न कोरे सोडून येतात.

निकाल मार्चमध्ये लागतो. खरी पडझड त्यानंतर होते. आयआयटींच्या प्रवेशांसाठी ‘कोॲप’ नावाचे सामाईक संकेतस्थळ आहे, पण ते प्रवेशअर्जाचे नाही. तिथे फक्त देऊ केलेल्या जागा दिसतात आणि त्या स्वीकारायच्या असतात. तिथला नोंदणी क्रमांक घेऊन प्रत्येक आयआयटीच्या संकेतस्थळावर वेगळा अर्ज भरावा लागतो, शुल्कही वेगळे आणि मुदतही वेगळी. चांगला क्रमांक असूनही एकाही संस्थेकडून बोलावणे आले नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या मुलाने बहुधा कोॲपवर नोंदणी केलेली असते आणि पुढचे काही केलेले नसते.

जागा आली की पर्याय तीन: स्वीकारून थांबणे, हातात ठेवून पुढच्या फेरीची वाट पाहणे, किंवा नाकारून वाट पाहणे. नाकारलेली जागा परत येत नाही. हातात ठेवण्याची मुभा अखेरच्या फेऱ्यांत नसते, हेही माहीत हवे. एनआयटींची प्रक्रिया, म्हणजे सीसीएमटी, निराळी आहे. नागपूरचे व्हीएनआयटी हवे असेल तर तिथे स्वतंत्रपणे पसंतीक्रम भरावा लागतो. दोन्हीकडे नाव असलेले बरे.

आणखी एक वाट कमी लोक घेतात. आयआयटी मुंबईच्या संगणकशास्त्र विभागात दोन वर्षांच्या अध्यापन-सहायक एम.टेक.साठी खुल्या गटात फार वरचा क्रमांक लागतो. संशोधन-सहायक म्हणून तीन वर्षांचे एम.टेक. मात्र त्यामानाने खालच्या क्रमांकालाही मिळू शकते, कारण तिथे लेखी किंवा प्रोग्रॅमिंगची चाचणी आणि मुलाखत यांना वजन आहे. एक वर्ष जास्त जाते हे खरे, पण विद्यावेतनही त्या वर्षात सुरू असते आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव मिळतो. मद्रास आणि दिल्लीच्या आयआयटींत संशोधनाधारित एम.एस. आहे, तिथल्या मुलाखतीत संभाव्यता, रैखिक बीजगणित आणि अल्गोरिदमच्या सिद्धता विचारतात. गणिताची खरी आवड असलेल्यांनी कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे एम.टेक. पाहावे. तिची प्रवेशपरीक्षा स्वतंत्र आहे, शिकवणी शुल्क नाही आणि विद्यावेतन मिळते. महाराष्ट्रातून तिथे इतके थोडे अर्ज का जातात, हे आम्हाला कोडेच आहे.

राज्यातल्या महाविद्यालयांत सीईटी कक्षामार्फत गेटशिवायही प्रवेश होतो, पण अशा विद्यार्थ्याला विद्यावेतन नाही. गेट असेल आणि महाविद्यालय अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे (एआयसीटीई) मान्यताप्राप्त असेल तर दरमहा १२,४०० रुपये जास्तीत जास्त २४ महिने मिळतात. बदल्यात आठवड्याला आठ-दहा तास प्रयोगशाळेत किंवा अध्यापनात मदत करायची, आणि त्या काळात दुसरीकडून वेतन घ्यायचे नाही. गुणांकन प्रवेशाच्या दिवशी वैध असावे लागते. पैसे अडतात ते क्षुल्लक कारणांनी. आई-वडिलांसोबतचे संयुक्त खाते चालत नाही, व्यवहारांवर मर्यादा असलेले खाते चालत नाही, आधार जोडलेले नसेल तर रक्कम जमाच होत नाही. नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र जुने निघाले तर अर्ज परत येतो. सगळ्यात वाईट म्हणजे, विद्यार्थ्याचा ओळखक्रमांक एआयसीटीईच्या संकेतस्थळावर महाविद्यालयाने मुदतीत तयार करायचा असतो. कार्यालयातल्या एका माणसाने ती तारीख चुकवली की शिक्षा भोगतो विद्यार्थी.

आता रकमेविषयी. हे विद्यावेतन डिसेंबर २०१४ पासून ८,००० वरून १२,४०० रुपये झाले आणि आजही तेवढेच आहे. याच काळात पीएच.डी. करणाऱ्यांना मिळणारी कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती दरमहा २५,००० वरून २०१९ मध्ये ३१,००० आणि २०२३ मध्ये ३७,००० झाली. २०१९ मध्ये तर आयआयटी परिषदेने एम.टेक.चे शुल्क बी.टेक.इतके वाढवण्याचा आणि हे विद्यावेतन बंद करण्याचा निर्णय घेतला होता. विद्यार्थ्यांनी विरोध केल्यावर तो लांबणीवर पडला. ज्या मुलाला कॅम्पसमधून नोकरी मिळाली आहे, त्याच्यापुढे दरमहा १२,४०० ठेवून संशोधनाकडे ये म्हणण्यात अर्थ नाही. एम.टेक.चे विद्यावेतन छात्रवृत्तीच्या प्रत्येक वाढीबरोबर त्याच प्रमाणात वाढवावे, अशी आमची केंद्रीय शिक्षण मंत्रालयाकडे मागणी आहे. राज्यातल्या प्राचार्यांकडे मागणी त्याहून साधी: ओळखक्रमांक तयार करण्याची जबाबदारी एका ठरावीक प्राध्यापकावर सोपवावी आणि त्याचे नाव प्रवेशाच्या दिवशीच सूचनाफलकावर लावावे.

— संगणक अभियांत्रिकीचे काही अध्यापक, पुणे