ऐतिहासिक वेशभूषेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम नागपुरात हवा

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नागपूरच्या भोसले राज्याचे संस्थापक पहिले रघुजी भोसले यांची तलवार राज्य शासनाने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून सुमारे ४७ लाख रुपये मोजून परत मिळवली, तेव्हा आम्हा नागपूरकरांना झालेला आनंद रास्तच होता. ती तलवार ज्याच्या कमरेला होती त्याच्या अंगावरचा जामा, डोक्यावरचे पागोटे आणि कमरेचा शेला कसा होता, हा प्रश्न मात्र त्या वेळी कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात आले नाही. त्याचा परिणाम रंगमंचावर आणि दूरचित्रवाणीच्या पडद्यावर रोज दिसतो. १६७० चा मावळा, १७४० चा नागपूरकर सरदार आणि १८५७ चा शिपाई हे तिघेही जवळपास एकाच कपडेपटातून आल्यासारखे वाटतात. दोनशे वर्षांत कापड, काट (कापणीची पद्धत), रंग आणि बांधणी यांत जे बदल झाले ते सांगू शकणारी आणि तसे वस्त्र हाताने शिवू शकणारी माणसे आपण तयारच केलेली नाहीत. म्हणून ऐतिहासिक वेशभूषेचे संकल्पन आणि प्रत्यक्ष निर्मिती शिकवणारा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाने सुरू करावा, अशी सूचना आपल्या पत्राद्वारे मांडू इच्छिते.

वेशभूषेचा इतिहास आज शिकवला जातच नाही, असे नाही. फॅशन डिझाइनच्या पदवीत त्याला एखादा पेपर असतो, नाट्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना काही तासिका मिळतात आणि गृहविज्ञानात वस्त्रांचे तंतू, वीण व रंगाई यांचे शिक्षण उत्तम होते. परंतु पहिल्या ठिकाणी भर रेखाटनावर राहतो, दुसऱ्या ठिकाणी प्रयोगाच्या गरजेवर आणि तिसऱ्या ठिकाणी प्रयोगशाळेवर. अठराव्या शतकातील अंगरखा कोणत्या कापडाचा होता, त्या कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, किती होता, त्या पन्ह्यामुळे तो कसा कापावा लागला आणि तो घातल्यावर माणूस हात किती वर उचलू शकत होता, हे चारही प्रश्न एकाच टेबलावर येत नाहीत. पदव्युत्तर पातळीवर हे टेबल मांडले पाहिजे.

या विषयातील पहिली अडचण पुराव्याची आहे. आपल्याकडे जुनी वस्त्रे टिकली नाहीत, याचे खापर केवळ हवामानावर फोडता येणार नाही. नागपूरचा पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा, त्यावर उपाय म्हणून लावलेल्या कूलरची ओल आणि मग पावसाळ्यातील बुरशी हे रेशमाचे शत्रू आहेतच; पण मोठा नाश आपण स्वतःच्या हाताने केला. खऱ्या जरीचे शालू आणि पैठण्या जीर्ण झाल्या की त्या जाळून चांदी काढून घेण्याची पद्धत घरोघरी होती, आणि उरलेले कपडे बोहारणीच्या टोपलीत जाऊन त्यांची भांडी येत. त्यात १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि भोसल्यांच्या वाड्यातील मौल्यवान चीजवस्तू लिलावात गेल्या. राजघराण्याची आणि सरदारांची जी थोडी वस्त्रे खाजगी पेट्यांतून आजही पडून असतील, ती पाहण्याचा अधिकार आणि हाताळण्याची शिस्त असलेला प्रशिक्षित माणूसच त्या घरांपर्यंत जात नाही. असे वस्त्र खुंटीला टांगू नये, घडीवर घडी घालू नये आणि प्रदर्शनात त्यावर पन्नास लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) अधिक उजेड पडू देऊ नये, एवढे प्राथमिक ज्ञानही आपल्या समारंभी प्रदर्शनांतून क्वचितच पाळलेले दिसते.

प्रत्यक्ष वस्त्र नसेल तेथे चित्र वाचावे लागते, आणि चित्र वाचणे हे शिकवावे लागते. छत्रपती शिवाजी महाराजांची गोवळकोंडा शैलीतील जुनी चित्रे युरोपातील संग्रहालयांत आहेत. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने १७९० नंतरच्या काही वर्षांत पुणे दरबारातील सवाई माधवराव व नाना फडणवीस यांची चित्रे समोर पाहून काढली. या दोन साधनांत शंभराहून अधिक वर्षांचे अंतर आहे आणि अंगावरच्या कपड्यांतही ते अंतर स्पष्ट दिसते. जाम्याचा बंद कोणत्या बगलेखाली आहे, एवढी एक गोष्ट घ्या. मुघल काळातील संकेतानुसार हिंदू तो डावीकडे बांधत आणि मुसलमान उजवीकडे. चित्रे ओळखण्यासाठी अभ्यासक या खुणेचा उपयोग करतात. आपल्या महानाट्यांत मात्र जाम्याला पाठीमागे चेन असते आणि बंद केवळ शोभेसाठी, मिळेल त्या बाजूला लोंबत असतात.

रंगांबाबत तर आपण फारच उदार आहोत. विल्यम पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाला कोळशाच्या डांबरातून पहिला कृत्रिम जांभळा रंग १८५६ मध्ये मिळाला. त्याआधीच्या कोणत्याही मराठा दरबारात आज वापरला जाणारा भडक राणी रंग किंवा विजेसारखा जांभळा असणे शक्यच नव्हते. त्या काळी लाल रंग मंजिष्ठा किंवा आल या वनस्पतींच्या मुळांतून किंवा लाखेतून निघे, कुसुंबी रंग करडईच्या फुलांतून, निळा नीळेच्या झाडापासून, आणि मंजिष्ठा-आलीचा तांबडा रंग सुतावर पक्का बसावा म्हणून कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवत. वऱ्हाडात आलीची लागवड होत होती. १८६८ मध्ये तांबड्या रंगाचे मुख्य द्रव्य अलिझरिन प्रयोगशाळेत तयार झाले आणि ती लागवड मागे पडत गेली. वऱ्हाडच्या शेतीचा हा इतिहास विद्यार्थ्याने रंगाच्या पातेल्यापाशी उभे राहून शिकावा असे मला वाटते, कारण फडकीला आळीपाळीने तुरटी आणि लोहसंस्कार देऊन एकाच मुळापासून तांबडा आणि काळपट असे दोन रंग निघताना ज्याने पाहिले आहेत, तो पुन्हा पॉलिस्टर सॅटिनच्या ताग्याला ‘पेशवाई रंग’ म्हणणार नाही.

आता प्रत्यक्ष निर्मितीविषयी. माझ्या मते या अभ्यासक्रमाच्या निम्म्याहून अधिक तासिका कापणी आणि शिलाई यांनाच द्याव्यात. हातमागाचा पन्हा अरुंद असे आणि कापड महाग असे, म्हणून जुना शिंपी तागा वाया जाऊ न देता सरळ पट्ट्या आणि तिरक्या कळ्या यांतून घेर साधत असे. अंगरख्याच्या छातीचा आतला पडदा, बगलेतला चौकोनी तुकडा म्हणजे चौबगला आणि खालच्या कळ्या यांची जुळणी कागदावर वाचून कळत नाही. ती आधी मांजरपाटावर कापून, कच्ची शिवून, जिवंत माणसाच्या अंगावर चढवावी लागते. चौबगला काढून टाकला की बाही दंडात अडकते आणि नट तलवार उपसताना सगळा अंगरखा वर ओढला जातो. मग दिग्दर्शक कापडाला ताण देणाऱ्या इलॅस्टिकची मागणी करतो, आणि खरा दोष काटात होता हे कोणाच्याच लक्षात येत नाही. सुरवारीचे उदाहरण याहून बोलके आहे. ती अंगाला घट्ट बसूनही गुडघ्यात वाकते, कारण ती उरेबी, म्हणजे धाग्याला तिरकी, कापलेली असते, आणि कापड वाचवून उरेब साधण्यासाठी शिंपी आधी त्याची तिरकी थैली शिवून मग ती कापतात. ही युक्ती आजही जुन्या कारागिरांना येते. त्यांच्यानंतर ती कोणाला येईल, याची कोणत्याही विद्यापीठाने व्यवस्था केलेली नाही.

परदेशात या विषयाला विद्यापीठीय प्रतिष्ठा मिळून बराच काळ लोटला. लंडनच्या कोर्टोल्ड संस्थेत स्टेला मेरी न्यूटन यांनी १९६५ मध्ये वेशभूषेच्या इतिहासाचा पदव्युत्तर अभ्यास सुरू केला. जॅनेट आर्नोल्ड (१९३२-१९९८) यांनी संग्रहालयांतील जुनी वस्त्रे टाक्याटाक्याने मोजून त्यांचे काट प्रमाणबद्ध आलेखावर उतरवले, आणि त्या आलेखांवरून जगभरचे शिंपी आजही कपडे शिवतात. शेक्सपिअरच्या काळातील नाट्यगृहाची प्रतिकृती म्हणून लंडनमध्ये १९९७ साली सुरू झालेल्या ग्लोब नाट्यगृहाने काही प्रयोगांसाठी त्या काळच्या पद्धतीचे लिननचे आणि रेशमाचे कापड वापरून, हाताने शिवलेले कपडे नटांना दिले. तेथील वेशभूषाकार जेनी तिरामानी यांना पुढे २०१४ मध्ये टोनी पुरस्कार मिळाला. आपल्याकडील उदाहरण कोल्हापूरच्या भानू अथैया यांचे. त्यांना १९८३ मध्ये ऑस्कर मिळाले, आपण सत्कार केले आणि विषय तिथेच सोडला.

तरीही लंडनचा अभ्यासक्रम उचलून येथे आणावा, असे मी म्हणणार नाही. तेथील पद्धत शिवलेल्या कपड्यांसाठी घडली आहे, तर आपला निम्मा पेहराव न शिवलेला आहे. लुगडे, धोतर, शेला, उपरणे, पागोटे यांचा काट आलेखावर उतरवता येत नाही. त्यांची लांबी, सुताचा नंबर, काठाचे वजन आणि नेसण्याचा क्रम नोंदवावा लागतो. आज लग्नात आणि नाटकात शिवलेली नऊवारी सर्रास वापरली जाते. दोन प्रवेशांमधील तीन मिनिटांत कपडे बदलणाऱ्या नटीला ती सोयीची आहे, यात शंका नाही. परंतु हातमागाच्या लुगड्याचा कासोटा चालताना जसा हलतो तसा शिवलेल्या नऊवारीचा हलत नाही, आणि पाट्यावर वाटण वाटणारी किंवा घोड्यावर बसणारी स्त्री दाखवायची असेल तर फरक प्रेक्षकालाही जाणवतो. पगडीचेही तसेच. पगडबंदाच्या हातची पगडी आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेली पगडी एकाच नटाला दोन वेगळ्या मानेने वावरायला लावतात. नेसण्या-बांधण्याची ही शास्त्रशुद्ध नोंद हेच येथील विद्यार्थ्यांचे स्वतंत्र संशोधन ठरू शकेल.

हा अभ्यासक्रम पुण्या-मुंबईऐवजी नागपुरात का, असे कोणी विचारील. उमरेड, पवनी आणि भंडाऱ्याकडे कोष्टी विणकरांची परंपरा आहे. करवती काठाची टसर साडी, जिचा काठ तीन धोट्यांनी वेगळ्या रंगात विणला जातो, ती येथून तासाभराच्या अंतरावर मागावर पाहता येते आणि तिला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. केंद्रीय कापूस संशोधन संस्था याच शहरात आहे, आणि ही गोष्ट वाटते त्याहून महत्त्वाची आहे. आज शेतात उभा असलेला बीटी कापूस मूळ अमेरिकी जातीचा असून त्याचा धागा लांब आहे, तर जुने कापड आखूड धाग्याच्या देशी कापसाचे होते. दोन्ही कापडे अंगावर सारखी पडत नाहीत. १८६३ मध्ये स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजबबंगला, विद्यापीठापासून हाकेच्या अंतरावर आहे. विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभाग आहे, गृहविज्ञान आहे. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचे मुख्यालयही येथेच आहे. १८७७ मध्ये जमशेदजी टाटांनी ज्या शहरात एम्प्रेस मिल उभारली त्या शहराला कापडाचे महत्त्व पटवून द्यावे लागावे, हे थोडे विचित्रच म्हणायचे.

शिवाय पूर्व विदर्भातील झाडीपट्टी रंगभूमी आहे. दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजच्या परिसरातून नाटक मंडळ्या बाहेर पडतात आणि रात्र-रात्र प्रयोग होतात. त्यांतील ऐतिहासिक नाटकांना लागणारा कपडेपट भाड्याच्या ड्रेपरीतून येतो. ड्रेपरीवाल्यांना मी दोष देत नाही. रात्री घामाने भिजणारा आणि सकाळी बैलगाडी-ट्रकच्या धुळीतून पुढच्या गावी जाणारा कपडा धुण्याजोगा आणि स्वस्तच असला पाहिजे. पण स्वस्त सुती कापडातही काट बरोबर ठेवता येतो, चेनेऐवजी बंद लावता येतात आणि एका पेटीत तीन शतके कोंबण्याचे टाळता येते. यासाठी नमुना-संच तयार करून देणे हे विद्यार्थ्यांचे क्षेत्रकार्य असावे, म्हणजे अभ्यासाचा उपयोग पहिल्याच हंगामात विदर्भाच्या रंगभूमीला होईल.

शिकवणार कोण, हा प्रश्न खरा अवघड आहे. कटिंग मास्तर, पगडबंद किंवा तीस वर्षे करवती काठ विणणारा विणकर यांच्याकडे नेट-सेट नाही आणि असण्याचे कारणही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ या पदासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत औपचारिक पदवीची अट शिथिल करून किमान पंधरा वर्षांच्या अनुभवाला महत्त्व दिले आहे. उद्योगातील अधिकाऱ्यांना या वाटेने बोलावले जाते. मग मागावरच्या आणि कात्रीवरच्या उस्तादांना तीच वाट मोकळी करण्यास हरकत नसावी. अर्थात त्यांचे मानधन पाहुण्या व्याख्यात्याच्या तासिकेप्रमाणे, तेही वर्षभराने, देऊन चालणार नाही.

नोकऱ्यांबाबत मी कोणालाही भुलवणार नाही. चित्रपट, मालिका, संग्रहालये आणि नाट्यसंस्था मिळून दरवर्षी शंभर जणांना सामावून घेतील, अशी स्थिती नाही. म्हणून प्रवेश दहा-बारा विद्यार्थ्यांपुरताच ठेवावा, आणि तो इतिहास, ललित कला, गृहविज्ञान, नाट्यशास्त्र अशा कोणत्याही शाखेच्या पदवीधरांना खुला असावा. मात्र प्रवेशपरीक्षेत सुई-दोरा हातात द्यावा. शेवटच्या सत्रात प्रबंधाबरोबर एक संपूर्ण वस्त्र सादर करणे सक्तीचे असावे. त्यात विदर्भातील विणकराने विणलेले कापड, वनस्पतिजन्य रंग, पूर्ण हातशिलाई आणि प्रत्येक निर्णयामागचा पुरावा नोंदवलेली वही असावी. रघुजींनी १७५१ च्या तहाने ओडिशा मिळवल्यानंतर बंगाल-ओडिशाच्या कापडाचा नागपूरच्या दरबारी पेहरावावर काही परिणाम झाला का, यासारखा एखादा प्रश्न पहिल्या तुकडीला द्यावा.

विद्यापीठाच्या विद्या परिषदेने हा विषय पुढील बैठकीत घ्यावा आणि अजबबंगल्याच्या प्रशासनाने विद्यार्थ्यांना राखीव संग्रहातील वस्त्रे, असतील तेवढी, देखरेखीखाली मोजण्याची लेखी परवानगी द्यावी, अशी माझी विनंती आहे. ज्यांच्या घरी जुने अंगरखे, शेले किंवा लुगडी असतील त्यांनी ती एवढ्यात मोडीत देऊ नयेत. शक्य तर प्रत्येकासोबत ते कोणाचे होते आणि साधारण कोणत्या सालचे होते, एवढी चिठ्ठी ठेवावी. मात्र ती वस्त्राला टाचणीने टोचू नये.

आपली,
वस्त्रशास्त्राची एक निवृत्त अध्यापिका,
धरमपेठ, नागपूर