गणिताचा मास्तर नाही आणि पोरं म्हणे ढ

संपादक साहेब, नमस्कार.

जिल्हा परिषद शाळांच्या सहावी ते आठवीचा दर्जा घसरला, पोरांना साधा भागाकार जमत नाही, अशी बातमी तुमच्याकडे वाचली. खोटी नाही हो, पण अर्धीच आहे.

माझं पारोळा तालुक्यातल्या एका खेड्यात किराणा दुकान आहे. मागच्या दिवाळीनंतर सातवीतली एक पोरगी आईसोबत कापूस वेचून संध्याकाळी दुकानावर आली, दोघींचा मिळून ४३ किलो, वेचणीची मजुरी किलोला १२ रुपये. मी कॅल्क्युलेटर शोधत होतो तोवर ही म्हणे, काका ५१६ झाले, चाळीसचे ४८० नि तिनाचे ३६. मला गंमत वाटली, म्हटलं आता याच ५१६ ला ४ ने भाग बरं, आणि बिलबुकाच्या मागे मांडून दिलं. पोरगी गप्प. पेन हातात घेतला, ठेवला, आईकडे पाहिलं. मग हळूच म्हणे, हे आम्हाला शिकवलंच नाही नीट. आता हिला ढ म्हणायचं का?

शाळेत वरच्या तीन वर्गांना गणित-विज्ञानाचे सर दोन वर्षांपासून नाहीत. बदली झाली, जागा भरली नाही. भाषेच्या मॅडम जमेल तसं गणित उरकतात, त्यात मध्येच बीएलओचं म्हणजे मतदार यादीचं काम नि ऑनलाईन माहिती भरणं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीला गणित-विज्ञान, भाषा, सामाजिक शास्त्र असा किमान एकेक शिक्षक पाहिजे असं स्पष्ट लिहिलंय.

मग ज्याला परवडतं तो पोराला तालुक्याच्या इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या गाडीत बसवतो (मीपण धाकट्याला बसवलाय, खोटं कशाला बोलू), पट कमी होतो, आणि १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या (पटावरून शिक्षकांची पदं ठरवायच्या) जीआरमध्ये तर २० च्या आत पट गेला की वरच्या वर्गांना शिक्षकच नाही असं ठरवलं होतं. म्हणजे सर नाहीत म्हणून पोरं जातात, पोरं गेली म्हणून सर नाहीत. शिक्षकांनी मोर्चे काढले ते उगाच नाही.

आठवीत एनएमएमएस नावाची सरकारी शिष्यवृत्तीची परीक्षा असते, लागली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार मिळतात, मजुराच्या घरात केवढी मोठी रक्कम. त्यातल्या शालेय विषयांच्या ९० मार्कांच्या पेपरात ५५ मार्क गणित-विज्ञानाचे, आमची पोरं तिथे काय लिहिणार? आणि आता आठवीला नापासपण करता येतं.

कापसाच्या दिवसात वर्ग निम्मा रिकामा असतो हेही खरं, तो दोष आम्हा गाववाल्यांचा. पण रोज हजर राहणाऱ्या पोरांना तरी कोण शिकवतंय?

तुमचा वार्ताहर परत आला तर पोरांना भागाकार विचारण्याआधी शाळेच्या ऑफिसातला मंजूर पदांचा तक्ता बघा म्हणावं, भिंतीवरच लावलाय.

– एक पालक, ता. पारोळा, जि. जळगाव