काचेवर टांगलेल्या अ‍ॅप्रनबद्दल

डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

मी तुमचा एसटीतला कंडक्टर पेशंट. नाव लिहीत नाही, डेपोतली पोरं हे वाचतील. तुम्ही ओळखालच.

त्या दिवशी तुम्ही "शर्ट काढा" म्हणालात आणि मी फाइल छातीशी धरून तसाच बसलो. समोर पाच-सहा शिकाऊ डॉक्टर, दाराला काच, काचेपलीकडं अख्खी रांग. तुम्ही काही विचारलं नाही. पोरांना बाहेर पाठवलंत, अंगातला अ‍ॅप्रन काढून काचेवर टांगलात आणि मी बटणं काढेपर्यंत खिडकीकडं तोंड करून उभ्या राहिलात. औषधपाणी सगळं नंतरचं. मी सावरलो तो तिथं.

त्याआधी दोन वर्षं छाती बायकांसारखी वाढत होती. तिकीट मशीनचा पट्टा घासला की कळ यायची. आधीच्या दवाखान्यात दाखवलं, तर डॉक्टर कंपाउंडरकडं बघून हसले. पोटातलं पाणी उतरवायला स्पायरोनोलॅक्टोन त्यांनीच दिली होती. त्या गोळीनंही छाती वाढते, एवढं सांगायला काय पैसे पडत होते? सिरॉसिस, म्हणजे लिव्हर कडक होऊन आकसलेलं असलं, की दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची, हेही कुणी बोललं नाही. "बेवड्यांचं असंच होतं," एवढं मात्र न विचारता ऐकवलं.

तुम्ही कागदावर तराजू काढलात. दारू अंडकोशातल्या पेशींनाच मारते, म्हणून टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, घटतं. त्यात थकलेल्या लिव्हरला हार्मोनचा निचरा जमत नाही, त्यातलं बरंच चरबीत जाऊन इस्ट्रोजेन, म्हणजे बायकी हार्मोन, होतं. लाल तळहात, छातीवर कोळ्यासारख्या पसरलेल्या बारीक शिरा आणि जे बायकोशीही बोललो नव्हतो ते, सगळं त्याच कललेल्या पारड्यातलं. मग टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेऊ का, असं मी विचारलं. जिमला जाणारा पुतण्या आणून देणार होता. तेव्हा तुम्ही पहिल्यांदा आवाज चढवलात. लिव्हरचा कॅन्सर बायकांपेक्षा पुरुषांत दुपटी-तिपटीनं जास्त, आणि त्यात याच पुरुषी हार्मोनचा हात असल्याचा संशय. म्हणजे सिंगल बेल मारावी तरी पंचाईत, डबल मारावी तरी!

तुम्ही गोळी बदललीत, सोनोग्राफी मागं लावलीत. दुसऱ्याच खेपेला 2 सेंटिमीटरची गाठ सापडली, सुईनं जाळली. दारू सोडून आता 3 वर्षं झाली.

गाडीत रोज बघतो, मॅडम. काही जण म्हातारीला जागा देताना सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं बोलतात. एखादा मात्र आपला थांबा आल्यासारखं करून उठतो आणि पुढं दाराशी जाऊन उभा राहतो. तुम्ही त्यातल्या.

मागच्या तपासणीला आलो तेव्हा तुम्ही रजेवर होता. दाराच्या काचेवर आतून जुन्या कॅलेंडरची पानं चिकटवलेली दिसली. "मॅडमनीच लावलीत," सिस्टर म्हणाल्या. नव्या डॉक्टरांनी सांगायच्या आतच मी बटणं काढायला लागलो होतो.

तुमचा,
कंडक्टर