मृगाआधी रिळे आणा : घरगुती चित्रफितींच्या जतनासाठी आवाहन

सर्व सभासद, हितचिंतक आणि ठाणेकर बंधू-भगिनींना सप्रेम नमस्कार.

जुन्या घरगुती चित्रफिती स्कॅन करून त्यांची डिजिटल प्रत काढणाऱ्या आपल्या मंडळाच्या चित्रफीत जतन विभागाची ओळख नव्याने करून द्यायला नको. पण ज्यांच्या जिवावर हा विभाग उभा आहे त्यांचा उल्लेख आधी केलाच पाहिजे. आपला स्कॅनर ज्या जुन्या प्रोजेक्टरवर बांधला आहे तो नौपाड्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी दिला. त्यातला हॅलोजन दिवा आणि फिरती पाती काढून आत थंड, पांढरा एलईडी बसवणे, मोटर सेकंदाला दोन चौकटींपर्यंत (फितीवरचे एकेक चित्र म्हणजे चौकट) मंद करणे, चौकटीची कड कापली जाऊ नये म्हणून गेट, म्हणजे फीत जिच्यासमोरून सरकते ती खिडकी, बारीक कानशीने रुंद करणे, हे सारे वागळे इस्टेटमधल्या एका सभासदांनी आपल्या वर्कशॉपमध्ये एक पैसाही न घेता करून दिले. कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स कोपरीच्या एका कुटुंबाने वडिलांच्या स्मरणार्थ दिली. रिळे पुसायचे मखमलीचे तुकडे चेंदणीच्या भगिनींनी कडा दुमडून शिवून दिले, कारण सुटलेला एक धागा गेटमध्ये अडकला तरी तो शेकडो चौकटींवर उमटतो. ‘नाव छापू नका’ ही चौघांचीही अट आहे. मंडळ त्यांचे कायमचे ऋणी आहे.

आता तातडीचे. घरातला रिळाचा डबा उघडा आणि वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर फीत सडायला लागली आहे. ८ मि.मी. आणि सुपर ८ या घरगुती चित्रीकरणाच्या अरुंद फिती; त्यातल्या बहुतेक ॲसिटेट या प्लास्टिकच्या आहेत. उष्णता आणि दमटपणाने त्यातून ॲसिटिक आम्ल सुटते आणि तेच आम्ल पुढची सड वाढवते. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ते कोंडून राहते. शेजारच्या चांगल्या रिळालाही त्याची बाधा होते, म्हणून वास येणारे रीळ आजच वेगळे ठेवा. खाडीकाठच्या आपल्या हवेत आणखी एक पावसाळा अशा फितीला परवडणारा नाही.

बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नका. बुरशी फितीवरचे, चित्र धरून ठेवणारे जिलेटिन पाण्यात विरघळणारे करून टाकते आणि पुसण्याबरोबर चित्रच निघून येते.

गेल्या वेळच्या आवाहनानंतर अनेकांनी कळवले की, ‘भिंतीवर लावून मोबाइलने टिपून घेऊ.’ याचे वाईट वाटले, कारण त्यात आपलेच नुकसान आहे. प्रोजेक्टरची पाती आणि मोबाइलचा वेग जुळत नाही, म्हणून चित्र लुकलुकते. मध्यभागी उजेड साचतो आणि कडा काळ्या पडतात. त्याहून वाईट म्हणजे आकसलेल्या फितीची छिद्रे प्रोजेक्टरचा पंजा, म्हणजे छिद्रात अडकून फीत पुढे ओढणारा दात, फाडतो. आम्ही आधी १०० चौकटींची लांबी मोजतो. जुन्या ८ मि.मी.ची ३८१ मि.मी. आणि सुपर ८ ची सुमारे ४२३ मि.मी. भरायला हवी. चार मिलिमीटर कमी भरली तर आकस एक टक्क्याच्या घरात गेला. अशी फीत आम्ही पंजावर चढवत नाही, ती दात नसलेल्या रुळांच्या यंत्रावरच न्यावी लागते.

तयारीलाच खरा वेळ जातो. आधी हाताने गुंडाळत प्रत्येक जोड तपासायचा. जुना सिमेंटचा जोड सुकून सुटतो, तो स्प्लायसरवर (फीत जोडायच्या साच्यावर) टेपने नव्याने करायचा. पुढे-मागे चार-चार फूट पांढरा लीडर, म्हणजे कोरी फीत, जोडायची. मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलावलेल्या मखमलीतून फीत ओढायची, मळ दिसताच घडी बदलायची आणि पूर्ण सुकल्याशिवाय गुंडाळायची नाही. औषधाच्या दुकानातले ७० टक्क्यांचे चालत नाही, त्यात पाणी असते. ध्वनिपट्टी असलेल्या फितीला फक्त सुके कापड.

सुपर ८ चे ५० फुटी रीळ म्हणजे ३,६०० चौकटी. सेकंदाला १८ चौकटींच्या वेगाने पडद्यावर ३ मिनिटे २० सेकंद, स्कॅनरवर अर्धा तास. २ के आकाराची (सुमारे दोन हजार ठिपके रुंद) एक डीपीएक्स चौकट, म्हणजे न दाबता साठवलेले चित्र, सुमारे १२.७ एमबी, म्हणजे एका रिळाला जवळपास ४६ जीबी. ४ टीबीच्या डिस्कवर जेमतेम ८५ रिळे बसतात आणि दोन प्रती दोन जागी ठेवल्याशिवाय काम पुरे झाले असे आम्ही मानत नाही. धूळ काढायला इन्फ्रारेड किरणांचा उपयोग कोडाक्रोम (कोडॅकची जुनी रंगीत फीत) आणि कृष्णधवल फितींवर होत नाही, तिथे हातानेच सफाई करावी लागते. म्हणून माणसे हवीत.

हे सारे कशासाठी? १९८२ मध्ये महानगरपालिका होण्याआधीचे, चालतेबोलते ठाणे कुणाच्या तरी मुंजीच्या, वरातीच्या रिळात मागे उभे आहे. तलावपाळी, जांभळी नाका, नवे कोरे गडकरी रंगायतन. ती रिळे भंगारात गेल्याचे कानावर येते तेव्हा मनाला लागते. एकदा विचारले असते तरी आम्ही घरी येऊन घेऊन गेलो असतो.

हवे आहे : ४ टीबी हार्ड डिस्क ६, हवा खेळणारे पॉलिप्रॉपिलीनचे डबे (५० व २०० फुटी), ८ मि.मी. व सुपर ८ स्प्लायसिंग टेप, पांढरा लीडर, चालू वा बंद प्रोजेक्टर (सुट्या भागांसाठी), रविवारी तीन तास देणारे स्वयंसेवक ८. देणगी धनादेशाने मंडळाच्या नावे, पावती लगेच. रिळे कार्यालयात सायं. ६ ते ८, सोमवार बंद. डब्यावर नाव, अंदाजे साल व प्रसंग लिहावा; रीळ उलगडून पाहू नये. मूळ रीळ व डिजिटल प्रत दोन्ही परत मिळतील. आंबट वासाच्या रिळांचा नंबर आधी. ज्येष्ठांच्या घरी येऊन रिळे नेऊ, निरोप द्यावा. मुदत ३१ मे.

आपला नम्र,
चिटणीस
(कार्यकारी मंडळाच्या वतीने)