फुलणाऱ्या बोन्सायची हवा ओळखायला शिकवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

माझ्या अझेलिया या फुलझुडपाच्या बोन्सायबाबत आपण जे सविस्तर मार्गदर्शन केलेत, त्याबद्दल आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. ते उघडपणे लिहिण्याचे कारण एवढेच, की फुलणारे बोन्साय सांभाळणाऱ्या इतरांनाही आपल्या सांगण्याचा उपयोग व्हावा. झाडाला कळ्या भरपूर येतात, पण उमलण्याआधीच त्या तपकिरी होऊन गळतात, एवढाच माझा प्रश्न होता. उत्तरात एखाद्या औषधाचे नाव येईल, अशी माझी अपेक्षा होती. आपण मात्र उलट विचारलेत, की झाड ठेवलेल्या जागी पहाटे आणि दुपारी तापमान किती असते, आर्द्रता किती असते, आणि ती मोजणारे यंत्र नेमके कुठे टांगले आहे.

गळालेली कळी चिमटीत धरून दाबून पाहायला आपण सांगितलेत. वरची खवल्यांसारखी आवरणे शाबूत होती, आतला भाग मात्र वाळून भुसभुशीत झाला होता. कीड किंवा कुजका ओलावा कुठेच दिसला नाही, त्यावरून कोरड्या हवेचा संशय पक्का झाला. त्यानंतर आपण जो हिशेब मांडून दाखवलात, तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. 10 अंश सेल्सिअसच्या हवेत सापेक्ष आर्द्रता 80 टक्के असेल आणि तीच हवा बाष्पाची भर न पडता 20 अंशांपर्यंत तापली, तर आर्द्रता जवळजवळ निम्म्यावर, म्हणजे 42 टक्क्यांच्या आसपास येते. हवेतले पाणी तेवढेच राहते, तिची पाणी धरण्याची क्षमता मात्र वाढते, आणि ती वाढलेली तहान पानांतून व कळ्यांतून भागवली जाते. त्यामुळे बाहेरच्या गारव्यातून झाड एकदम ऊबदार खोलीत आणले की कळ्यांवर दुहेरी ताण पडतो. तापमान आणि आर्द्रता हे आकडे वेगवेगळे वाचून काही हाती लागत नाही, हे इतक्या स्पष्टपणे मला कोणीही सांगितले नव्हते.

अझेलियाला थंडी हवी असते, हेही आपण नीट उलगडून सांगितलेत. पुढच्या बहराच्या कळ्या उन्हाळ्यातील उबेत धरतात, पण त्यांची सुप्तावस्था मोडायला साधारण सहा आठवडे 10 अंशांच्या खालचा गारवा लागतो, आणि तो न मिळाल्यास बहर अर्धवट व मागेपुढे येतो. मात्र थंडी हवी म्हणून कुंडी गोठू द्यायची नाही, कारण जमिनीतल्या मुळांना मातीच्या जाडीचे जे संरक्षण असते, ते उथळ कुंडीतल्या बारीक मुळांना नसते. उन्हाळ्यातही गोष्ट तीच. हवा 32 अंशांवर असली तरी दुपारच्या उन्हातल्या गडद रंगाच्या कुंडीची माती 40 अंशांच्या पुढे जाऊ शकते, म्हणून हवामानाच्या आकड्यावर न विसंबता कुंडीच्या उन्हाकडच्या बाजूला हात लावून पाहावा, हा आपला सल्ला मी आता रोज पाळतो. कानुमा या जपानी ज्वालामुखीजन्य मातीचे दाणे ओले असताना पिवळे आणि वाळू लागले की फिके दिसतात, ही खूण तर कोणत्याही यंत्रापेक्षा सोयीची आहे.

दमटपणा वाढवण्याच्या उपायांबाबत आपण जी स्पष्ट मते दिलीत, ती मला विशेष आवडली. पाण्यात खडे भरलेली थाळी कुंडीखाली ठेवल्याने थोडा फरक पडतो, पण तो थाळीच्या अगदी जवळच्या हवेपुरता असतो. पानांवर मारलेल्या फवाऱ्याचा परिणाम तर काही मिनिटांत ओसरतो, आणि उमललेल्या फुलांवर पाणी साचले तर पाकळ्यांवर डाग पडून करडी बुरशी धरते. त्यापेक्षा झाडे जवळजवळ ठेवावीत, कोरडा वारा अडवावा, उष्णतेच्या यंत्रापासून कुंडी लांब ठेवावी आणि 50 ते 60 टक्के आर्द्रता टिकली तर त्यात समाधान मानावे, असे आपण लिहिलेत. हवा कोंडून दमट केली तर बुरशी येते आणि फार कोरडी व उष्ण ठेवली तर लाल कोळी ही कीड येते, त्यामुळे हवा खेळती ठेवण्यावर आपला भर होता. आर्द्रतामापक भिंतीवर न टांगता झाडाच्या शेंड्याच्या उंचीवर, सावलीत ठेवायचा, हेही त्याच ओघात आले.

हे नियम सरसकट लावायचे नाहीत, हे बजावायलाही आपण विसरला नाहीत. बोगनवेलीचे बोन्साय अझेलियाच्या शेजारी ठेवून दोघांना सारखेच वागवणे तुम्हाला मुळीच पसंत नाही. तिला ऊब, भरपूर ऊन आणि दोन पाण्यांमध्ये माती थोडी सुकू देणे मानवते, आणि अझेलियाला लागणाऱ्या गारव्याची तिला गरज नसते. सेरिसा या छोट्या फुलझुडपाची तऱ्हा तिसरीच. जागा बदलली किंवा तापमान अचानक पालटले की ती पाने टाकून मोकळी होते.

सध्या झाडावरच्या कळ्या टिकून आहेत आणि खालच्या फांद्यांवर फुले उमलू लागली आहेत. आपल्या सूचनेप्रमाणे बहरात आलेले झाड ऊन-पावसापासून आडोशाला, गार जागी ठेवले आहे, कारण गारव्यात उमललेले फूल अधिक दिवस टिकते. बहर ओसरताच सुकलेली फुले खुडून लगेच छाटणी करीन; ती लांबली तर पुढच्या वर्षीच्या कळ्याच कात्रीखाली जातील, हा आपला इशारा मी वहीत लिहून ठेवला आहे. आपण दिलेला वेळ आणि माझ्या प्रत्येक शंकेला दिलेले सविस्तर उत्तर, या दोन्हींबद्दल मी आपला मनापासून ऋणी आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
एक बोन्सायप्रेमी