परिचारिका आमदार झाली, तर प्रश्न वेगळा विचारला जाईल

महोदय,

आरोग्याची जाण असलेला उमेदवार म्हटले की पक्षांना डॉक्टर आठवतो. परिचारिकांची आठवण 12 मेच्या परिचारिका दिनाला होते, गुलाबाचे फूल देऊन. रुग्णालयाचा कारभार खाटेजवळून पाहिलेली व्यक्ती सभागृहात गेली तर काय साधते, हे एका कारकिर्दीवरून दिसते.

अमेरिकेतल्या एडी बर्निस जॉन्सन डॅलसमधील माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात मनोरुग्ण विभागाच्या मुख्य परिचारिका होत्या. 1972 मध्ये त्या टेक्सासच्या प्रतिनिधीगृहावर निवडून गेल्या आणि तिथे कामगार समितीच्या अध्यक्ष झाल्या. 1977 मध्ये कार्टर सरकारने त्यांना आरोग्य-शिक्षण-कल्याण खात्याच्या विभागीय संचालकपदी नेमले. 1986 मध्ये राज्याचे सिनेट, 1992 मध्ये अमेरिकी संसद. तिथे निवडून गेलेल्या त्या पहिल्या परिचारिका, आणि 2019 ते 2023 या काळात विज्ञान समितीच्या अध्यक्ष. आम्हाला यात महत्त्वाच्या वाटतात त्या समित्या. भाषण दुसऱ्या दिवशी विसरले जाते. समितीत मात्र अधिकाऱ्यांना समोर बसवून आकडे मागता येतात, आणि कोणता आकडा मागायचा हे ठाऊक असावे लागते.

आपल्याकडे सभागृहात ठरलेला प्रश्न असतो: परिचारिकांची किती पदे रिक्त आहेत? त्याला ठरलेले उत्तर मिळते आणि विषय संपतो. खरी गफलत मंजूर पदांच्या हिशेबातच असते.

तीस खाटांचा कक्ष घ्या. सहा रुग्णांमागे एक परिचारिका धरली तर प्रत्येक पाळीत पाच जणी हव्यात. पण एक जागा अहोरात्र भरलेली ठेवायची तर आठवड्यात 21 पाळ्या होतात. साप्ताहिक सुट्टी धरून एक परिचारिका सहाच पाळ्या करते, म्हणजे एका जागेला साडेतीन जणी. रजा राखीव (रजेवर गेलेल्यांच्या जागी लागणारी जादा पदे) 30 टक्के धरली की हा आकडा साडेचाराच्या वर जातो. पाच जागांना तेवीस पदे लागतात. या कक्षाला पाचच पदे मंजूर असतील, तर ती सगळी भरलेली असूनही एका पाळीला जेमतेम दीड परिचारिका येते. त्यातली एक 180 दिवसांच्या प्रसूती रजेवर गेली की रात्री एकटी उरते. रात्रपाळीनंतरची सुट्टी तर या हिशेबात धरलेलीच नाही. तरीही उत्तरात छापले जाईल: रिक्त पदे शून्य.

एकटी असणे म्हणजे काय? रात्री दोन वाजता एका रुग्णाला रक्त चढवायला घेतले, तर पहिली पंधरा मिनिटे त्याच्याजवळून हलता येत नाही. थंडी वाजते का, अंगावर पित्त उठते का, श्वास लागतो का, हे पाहावे लागते, नाडी आणि तापमान लिहावे लागते. तेवढा वेळ उरलेल्या एकोणतीस खाटांकडे कोणीही नसते.

म्हणून प्रश्न असा हवा: अमुक रुग्णालयात अमुक महिन्यात रात्रपाळीला कक्षनिहाय प्रत्यक्ष हजर परिचारिका किती, आणि त्या रात्री दाखल रुग्ण किती? प्रतिनियुक्तीवर पाठवलेल्या किती जणींचे वेतन अजून मूळ रुग्णालयातून निघते? तारांकित प्रश्नाला, म्हणजे सभागृहात तोंडी उत्तर द्यावे लागणाऱ्या प्रश्नाला, मोघम उत्तर आले तर पुरवणी प्रश्न, त्यावरही भागले नाही तर लक्षवेधी सूचना, आणि मंत्र्यांनी दिलेला शब्द अडकला तर आश्वासन समिती. ही आयुधे सगळ्याच आमदारांकडे आहेत. कोणती वही मागवायची, हे जिने ड्यूटी लावली आहे तिला सांगावे लागत नाही.

कायदा परिचारिकेनेच आणला पाहिजे असे नाही. कॅलिफोर्नियात 1999 चा रुग्ण-परिचारिका प्रमाणाचा कायदा शीला क्यूल यांनी मांडला, त्या परिचारिका नव्हत्या. पण त्यामागे परिचारिकांच्या संघटनेचा रेटा होता, आणि प्रमाण ‘सर्व वेळी’ पाळायचे, म्हणजे जेवणाच्या सुट्टीतही, हा मुद्दा कामाचा अनुभव असल्याशिवाय सुचत नाही. 2004 पासून तिथे सर्वसाधारण कक्षात एका परिचारिकेकडे जास्तीत जास्त सहा रुग्ण, 2005 पासून पाच, अतिदक्षता विभागात दोन.

सभागृहात पोचण्याची वाट मात्र अवघड आहे. सरकारी सेवेत राहून निवडणूक लढवता येत नाही, नोकरी सोडावी लागते, आणि घर त्या पगारावर चालत असेल तर हे धाडस फार थोड्या जणी करतील. विधान परिषदेत पदवीधरांच्या सात जागा आहेत. बी.एस्सी. नर्सिंग किंवा (पदविकेनंतरची) पोस्ट बेसिक पदवी घेऊन तीन वर्षे झालेल्यांना तिथे मतदार होता येते. पण ही यादी दर निवडणुकीला नव्याने तयार होते. मागच्या वेळी नाव होते म्हणून निर्धास्त राहिलेल्यांचे नाव गळते. मतदार नोंदणीचा नमुना 18 पुन्हा भरावा लागतो, आणि पाळ्यांच्या धबडग्यात मुदत टळून जाते. राज्यपालनियुक्त बारा जागांसाठी राज्यघटनेने वाङ्मय, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा ही क्षेत्रे सांगितली आहेत. यातल्या दोन क्षेत्रांत परिचारिका निश्चित बसते. पुढच्या वेळी ही नावे सुचवताना मंत्रिमंडळाने एका अनुभवी परिचारिकेचे नाव यादीत घालावे, अशी आमची स्पष्ट मागणी आहे.

– काही निवृत्त परिसेविका व पाठ्यनिर्देशिका